खणातले बिल्ले

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, अविवाहित, पूर्वी एका मोठ्या रुग्णालयात क्ष-किरण तंत्रज्ञ, सध्या घरीच, असे लिहून ठेवते की, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंची आणि माझ्या देहाची व्यवस्था पुढे लिहिल्याप्रमाणे व्हावी. हे मी राजीखुशीने लिहीत आहे. कोणाचे दडपण नाही. दडपण आणील असे माणूस आता माझ्या ओळखीत उरलेले नाही. डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दिला असून तो सोबत जोडला आहे. डोके हा आपला प्रांत नव्हे असे त्या म्हणाल्या, पण अर्धा तास माझ्याशी बोलल्यावर त्यांनी सही केली. याआधीचे माझे एखादे मृत्युपत्र निघाल्यास ते रद्द समजावे. निघणार नाही.

अक्षर मोठे आणि वाकडे आहे, पण माझेच आहे. भर उजेडात मला लिहिता येत नाही. उजेडात समोरच्याचा चेहरा मधोमध पुसला जातो आणि कडा तेवढ्या उरतात: कान, केस, खांदे. दिवस कलला की चेहरे परत येतात. म्हणून हा कागद चार संध्याकाळी बसून लिहिला आहे.

या कागदावर अंगठा नाही, फक्त सही आहे. त्याचे कारण असे. नोंदणी कचेरीत मी चौकशीला गेले तेव्हा तिथल्या कारकुनाने माझा डावा अंगठा काचेवर तीनदा दाबून घेतला. पडद्यावर तिन्ही वेळा ‘ठसा आढळला नाही’ असे आले. त्याने काच पुसली, स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला, तो लगेच उमटला. मग माझा हात उलटा करून बराच वेळ बघत राहिला आणि हळूच म्हणाला, “बाई, तुमच्या बोटांवर काहीच नाहीये.” बरोबर आहे. पस्तीस वर्षे त्याच हाताने मी रडणाऱ्या पोरांची डोकी आणि म्हाताऱ्यांचे थरथरणारे पाय किरणांखाली धरून ठेवले. रेषा कधी गेल्या ते कळले नाही. किरणांना वास नाही, आवाज नाही, चटका नाही. कळायला काही मार्गच नाही.

कलम पहिले. मी राहते त्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्चीचा जिना ही माझी स्वकष्टार्जित मिळकत असून ती संपूर्णपणे माझ्या पुतणीला मिळावी. बँकेतली शिल्लकही तिलाच. तिने घर विकले तरी माझी हरकत नाही, फक्त मागच्या खोलीची खिडकी रंगवताना जाम करू नये. बिनखिडकीच्या खोलीत माझा जन्म गेला.

कलम दुसरे. माझ्या थोरल्या भावाला माझी वेताची खुर्ची द्यावी. ही तीच खुर्ची, जिच्यावर मी बसले असताना तो आपल्या पोरांना माझ्या मांडीवर बसू देत नसे. “हिच्या अंगातून किरणं येतात,” असे तो घरभर सांगत फिरायचा. यंत्र बंद झाले की किरण संपतात, अंगात राहत नाहीत, हे मी त्याला कागदावर काढून दाखवले होते. त्याने कागद चिमटीत धरून परत दिला. शास्त्राच्या दृष्टीने तो चूक होता. पोरांना माझ्यापासून काही भय नव्हते. पण भिण्यासारखे काही तरी त्या घरात येते-जाते आहे, हे त्या अडाण्याला कळले होते, आणि मला शिकून कळले नव्हते. त्याची एकच मुलगी बापाचा डोळा चुकवून माझ्या मांडीवर येऊन बसायची. घर तिला आहे. खुर्चीत काहीही शिरलेले नाही, असे त्याला माझ्या नावाने सांगावे.

कलम तिसरे. कपाटाच्या तळाशी चादरीत गुंडाळलेला शिशाचा एप्रन आहे. किरण अडवायला आम्ही तो अंगावर घालत असू. निरोपाच्या दिवशी माझाच जुना एप्रन मला गंमत म्हणून भेट दिला. मी तो घेतला आणि निघण्याआधी सहज यंत्राखाली घालून पाहिला. बाहेरून कापड धड होते. पडद्यावर मात्र आतले शिसे आटलेल्या तळ्याच्या तळासारखे तडकलेले दिसले, छातीपासून पोटापर्यंत. नऊ वर्षे मी तो घालत होते आणि त्याच्या भरवशावर निर्धास्त होते. हा एप्रन कोणाला देऊ नये, भंगारातही विकू नये. रुग्णालयात परत नेऊन, तडकलेला आहे असे लिहून घेऊन, नष्ट करवावा.

कलम चौथे. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. तिथल्या मुलांना माझी विनंती की, त्यांनी डावी बाजू आधी पाहावी. आमच्या खोलीत यंत्र डाव्या हाताला होते. माझा मोतीबिंदू डाव्या डोळ्यात आधी आला. डाव्या हातावर केस नाहीत, नखांना उभ्या भेगा आहेत, आणि करंगळीचे टोक दोन वर्षे न भरलेल्या जखमेमुळे कापावे लागले. गळ्यातली ग्रंथी काढली, त्या गाठीही डावीकडेच होत्या. त्याच खोलीत काम करणाऱ्या आमच्या मोठ्या डॉक्टरांच्या डोक्यात गाठ झाली, तीही डावीकडे. मी भेटायला गेले तेव्हा ते मला म्हणाले, “आपण सगळे एकाच कुशीवर झोपलो होतो बहुतेक.” आणि हसले. एवढ्याशा किरणांनी असे होतेच, हे सिद्ध झालेले नाही असे इतर डॉक्टर सांगतात. खरे आहे. सिद्ध व्हायला आकडे लागतात, आणि आमचे आकडे मी खणात ठेवले होते. ते पुढे येत आहे.

कलम पाचवे. देवघराच्या फळीमागे एक पत्र्याचा डबा आहे. त्यात माझ्या चार वह्या आणि एक घडी घातलेला कागद आहे. ही सर्व कागदपत्रे माझ्या मृत्यूनंतर धाकटीच्या मुलीला द्यावीत.

धाकटी कोण ते सांगायला हवे. ती आमच्या खोलीतली परिचारिका. हृदयाच्या नळ्या तपासायची खोली ती. डॉक्टर पायाने पेडल दाबत, तोवर किरण चालू, आणि दारावर तांबडा दिवा. धाकटी तेविसाव्या वर्षी आली आणि एकोणीस वर्षे यंत्राच्या सगळ्यात जवळ उभी राहिली, कारण रुग्णाचा हात धरायला तिथेच जागा होती. घाबरलेल्या माणसाला ती म्हणे, “माझा हात दाबा, मला दुखत नाही.” मला ती ताई म्हणायची. माझ्या डब्यातले निम्मे जेवण तिचे असे.

आम्हा सर्वांना छातीवर लावायला एकेक बिल्ला मिळे. आपण किती किरण खाल्ले ते त्या बिल्ल्यात साठते. दर तीन महिन्यांनी बिल्ले तपासणीला जात आणि आकडे कागदावर छापून येत. आकडा मर्यादेबाहेर गेला की त्या माणसाला खोलीतून काही महिने बाहेर काढावे लागे. आमच्याकडे माणसे पाच आणि बाहेर रुग्णांची रांग दारापर्यंत. धाकटी रुजू झाली त्याच आठवड्यात असे तिघे एकदम बाहेर काढायची वेळ आली. मोठे डॉक्टर मला म्हणाले, यंत्र बंद ठेवायचे की कसे, ते तुम्हीच ठरवा. मी मुख्य तंत्रज्ञ होते, खोलीचा कारभार माझ्याकडे होता. मी ठरवले. दुसऱ्या दिवसापासून आत जाण्याआधी मी सर्वांचे बिल्ले गोळा करून बाहेरच्या टेबलाच्या वरच्या खणात ठेवू लागले. धाकटीने विचारले, “ताई, मग बिल्ला कुणाचं मोजतोय?” मी म्हटले, “टेबलाचं.” सगळे हसले. तीही हसली.

सहाव्या वर्षी एका तिमाहीत तिने बिल्ला दिला नाही, आतल्या खिशाला लावून ठेवला. का, ते तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही. त्या तिमाहीचा तिचा आकडा तांबड्या शाईत आला. मी तिला समोर बसवून ‘बिल्ला चुकून यंत्राजवळ लटकत राहिला होता’ असे लिहून दिले आणि खाली तिची सही घेतली. तिने वाचून सही केली आणि पेन बंद करून माझ्यापुढे ठेवले. पुन्हा कधी तिने बिल्ला लपवला नाही. तो तांबड्या आकड्याचा कागद म्हणजेच डब्यातली घडी. धाकटी खरोखर त्या खोलीत होती असे सांगणारा जगातला तो एकच कागद. वह्यांत मी रोज किती मिनिटे पेडल दाबले गेले आणि कोण कुठे उभे होते ते लिहीत असे. का लिहीत असे ते मला तेव्हा ठाऊक नव्हते.

बेचाळिसाव्या वर्षी ती रक्ताच्या कॅन्सरने गेली. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. नवरा शिंपी, शब्दाने कमी. हे कामामुळे झाले का एवढेच त्याने लेखी विचारले. चौकशी बसली. एकोणीस वर्षांचे आकडे मांडले, सगळे शून्य; एक तांबडा होता, त्याचा खुलासा सहीनिशी जोडलेला. सदर कर्मचारी किरणांच्या संपर्कात आल्याचे दिसत नाही, असा निकाल लिहिला गेला. मला विचारले, बिल्ले नेहमी अंगावर असत का? मी म्हटले, असत.

त्यानंतरची गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. तिचे नाव यादीतून काढायचे राहून गेले होते. बिल्ला खणात पडून होता आणि रीतीप्रमाणे तपासणीला जात राहिला. ती गेल्यावर दोन तिमाह्या तिचा आकडा येत राहिला. शून्य. जिवंतपणी जसा यायचा, हुबेहूब तसाच. आधीचा आणि नंतरचा कागद शेजारी ठेवून मी पाहिले. त्यांत काही म्हणजे काहीच फरक नव्हता. मग मी माझे स्वतःचे कागद काढले. तेही तसेच होते.

हे कलम मेल्यानंतर वाचले जावे, कारण जिवंतपणी त्या मुलीच्या समोर बसायची माझी छाती नाही.

येणेप्रमाणे मृत्युपत्र लिहून, वाचून, दोन साक्षीदारांसमक्ष सही केली असे.

स्थळ: माझे घर, वरचा मजला
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२३, सोमवार

लिहून ठेवणारी: (सही)
साक्षीदार १: खालच्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक (सही)
साक्षीदार २: डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई (सही)

पुरवणी, दिनांक १२ ऑक्टोबर २०२३, गुरुवार

वरील मृत्युपत्रात मी पुढील बदल करीत आहे.

काल दुपारी धाकटीची मुलगी माझ्याकडे आली. वर्षाकाठी एक-दोनदा ती येते, मला मावशी म्हणते. आता बावीस वर्षांची आहे. आईच्याच खोलीत दोन महिन्यांपूर्वी तंत्रज्ञ म्हणून लागली, हे सांगायला ती कामावरून गणवेशातच आली होती. उजेड असल्याने मला चेहरा दिसला नाही. कडा दिसत होत्या, आणि त्या कडा धाकटीच्या होत्या. मी जवळ बोलावून तिच्या छातीवरचा खिसा चाचपला. खिसा रिकामा होता.

“बिल्ला कुठे आहे गं तुझा?”

“खणात. आत जाताना मॅडम सगळ्यांचे काढून ठेवतात.”

“कुठल्या खणात?”

“बाहेरच्या टेबलाच्या, वरच्या. त्यावर चिठ्ठी आहे ना ‘बिल्ले’ म्हणून. तुमचंच अक्षर आहे मावशी, मी ओळखलं.”

मी उठून फळीमागचा डबा काढला आणि तिच्या हातात दिला. ती खिडकीशी उभी राहून वाचत होती, मी बसून होते. तांबडा कागद तिने दोनदा वाचला. तिने विचारले, आईला कळले होते का? मी सांगितले, तिने एकदा विचारले होते, मी हसण्यावारी नेले. मग तिने विचारले, चौकशीत तुम्ही काय सांगितलेत? मी ते सांगितले. ती डबा उचलून निघून गेली. जाताना तिने मला मावशी म्हटले नाही.

आज संध्याकाळी ती परत आली. किरणांच्या सुरक्षिततेची तपासणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांना तिने दुपारी वह्या नेऊन दाखवल्या. उद्या ते त्या खोलीत येणार आहेत. तिने एवढेच विचारले, “त्यांच्यासमोर बोलाल?”

मी हो म्हटले.

सबब, कलम पाचवे रद्द समजावे, कारण त्यातल्या वस्तू आता माझ्या मालकीच्या नाहीत. जे मेल्यानंतर सांगायचे ठरवले होते ते मी उद्या, शुक्रवारी, सकाळी दहा वाजता, त्या टेबलापाशी उभी राहून स्वतःच्या तोंडाने सांगेन. बाकीच्या कलमांना घाई नाही.

ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असा रिवाज आहे. या पुरवणीनंतर धाकटीच्या मुलीला माझ्याकडून काहीही मिळत नाही. म्हणून तिला साक्षीदार होता येते का, असे मी शिक्षकांना विचारले. ते म्हणाले, येते. मी पेन तिच्यापुढे ठेवले. तिने सगळा कागद पहिल्यापासून वाचला, आणि मग सही केली.

लिहून ठेवणारी: (सही)
साक्षीदार १: खालच्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक (सही)
साक्षीदार २: धाकटीची मुलगी (सही)