आखणीचा श्रावण

बाबा, कालपासून माझी मान अवघडली आहे. रोह्याला कंपनीच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढायला सांगितला, तेव्हा तुमच्या मानेचा फोटो आठवला. मणक्यावर पट्टी आणि तिचे स्क्रू, पांढरेशुभ्र. पेणच्या कारखान्यात जन्मभर मान वाकवून तुम्ही गणपतींच्या डोळ्यांची आखणी केलीत. शीर दबून बोटं बधिर झाली, कुंचला निसटायला लागला, म्हणून गळ्याकडून ऑपरेशन करून ती पट्टी बसवली. जखम भरली, हातात जोर आला. पुढच्या हंगामात तुम्ही पुन्हा पाटावर बसलात, तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली.

मग श्रावण लागला. सोमवार, शनिवार, मधेच एकादशी, तुमचे उपास सुरू झाले. मी सुट्टीला पेणला येतो तेव्हा तुम्ही नुसती वरीची पेज पीत बसलेले.

"म्हाताऱ्याला आता देव आठवला," आई चिडवते.

"अगो, देवाचे डोळे उघडायचे तर पोट हलकं नको?" तुम्ही हसता आणि हसताना गळ्याला हात लावता.

मला बरं वाटलं होतं, बाबा. कधी देवळात न बसणारे तुम्ही, दुखण्यामुळे का होईना, देवाजवळ आलात असं वाटलं. घास उतरत नाही, संध्याकाळी कणकण येते, हे तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत. डोळ्यांवाचून मूर्ती घरोघर जात नाही, आणि आखणीचा हात कारखान्यात तुमच्याशिवाय कुणाला नव्हता.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी शेवटची मूर्ती गेली. तुम्ही भिंतीला टेकून म्हणालात, "आता ने रे मला दवाखान्यात. पाणीपण जात नाय." पट्टीभोवती पू झालाय, डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनला वर्ष उलटल्यावरही क्वचित असं होतं. थोडं आधी आणलं असतं तर, एवढं बोलून ते थांबले. पट्टी काढली, पण विष रक्तात उतरलं होतं. गौरी जायच्या आत तुम्ही गेलात. देवाचं काम करता करता गेले, पुण्यवान माणूस, असं लोक अजून म्हणतात. मी हो म्हणतो.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? पोथीत ठेवून देईन. एक तेवढं सांगतो. गणपतीच्या आरतीला मी डोळे मिटून उभा असतो. बायको मुलांना म्हणते, बघा, बाबा कसे तल्लीन झालेत. तसं काही नाही. मला त्या मूर्तीच्या डोळ्यांकडे बघवत नाही.