बाताड्याचा अर्थ

प्रिय यतीन,

तुझा नंबर लागत नाही, म्हणून आग्र्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर लिहितो आहे. तुला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून अक्षर मोठं काढलंय. माझ्यावरचा राग तसाच ठेव, पण हे शेवटपर्यंत वाच.

चार वर्षांपूर्वी माथुरसाहेब मुलीला, तनयाला घेऊन तुमच्या लग्नाचं बोलायला आपल्याकडे जेवायला आले, तो दिवस मी अजून उगाळतो. आईनं मंडीतून अरबीची पानं आणून अळूवड्या केल्या होत्या. सांगानेरच्या छपाईच्या कारखान्यात एवढ्या लहान वयात मॅनेजर झालास, म्हणून ते तुझं तोंड भरून कौतुक करत होते. आपल्याकडची वाईट खोड अशी, की दुसऱ्यानं पोराचं कौतुक केलं की आपण त्याला खाली ओढायचं. माझ्या वडिलांनी माझं तेच केलं. मीही हसत म्हणालो, की आमचा यतीन मोठा बाताड्या आहे.

त्यांनी विचारलं, बाताड्या मतलब? जन्म विम्याच्या ऑफिसात गेला, पण शब्दाचा अर्थ कुणी विचारला की मला चेव येतो. थापाड्या धडधडीत खोटं बोलतो, बढाईखोर स्वतःचीच आरती ओवाळतो, आणि बाताड्या मूठभर असेल तर पोतंभर सांगतो, असं मी हिंदीत रंगवून सांगितलं. वर संक्रांतीचं उदाहरण दिलं. तू तीन पतंग कापून तीस सांगायचास. सगळे हसले. तू ताटाकडे बघत होतास.

हा शब्द आपण घरात लाडानं वापरतो, एवढंच सांगायचं राहिलं. त्यांनी कारखान्यात चौकशी केली, तुझं सगळं खरं निघालं, तरी नकार आला. ज्याच्यावर बापाचाच विश्वास नाही त्याला मुलगी कशी द्यायची, म्हणाले. मी तुला म्हणालो, गंमत होती रे. माफी मागितली नाही. महिनाभरात तू आग्र्याला गेलास.

आईला जूनमध्ये कावीळ झाली आणि लिव्हरचं दुखणं निघालं. अठरा दिवस ती हॉस्पिटलमध्ये होती. आग्रा चार तासांवर. माणूस पाठवता आला असता, मी स्वतः येऊ शकलो असतो. पण तुला बोलवायचं तर आधी माफी मागावी लागली असती, आणि तेवढं मला जमलं नाही. आज, उद्या करत राहिलो. ती तुझं विचारायची. मी सांगायचो, फोन आला होता, रजा मिळाली की येतोय.

यतीन, तुझी आई गेली. काल तेरावा झाला. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहायला बसलो. शेवटच्या सकाळी तिनं विचारलं, कुठवर आलाय? मी म्हणालो, कानोता ओलांडलं, अर्ध्या तासात पोचेल. तिनं माझ्याकडून केस विंचरून घेतले, उशी उंच करायला लावली आणि दाराकडे तोंड करून पडून राहिली. अर्धा तास उलटून गेल्यावर तिनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग तोंड भिंतीकडे फिरवलं.

तुझाच,
बाबा