मागाचा खड्डा बुजवू नये

मी, ईश्वरदास महादेवराव निखारे, वय अडुसष्ट, धंदा पूर्वी हातमाग आणि आता गाणी ऐकणे, राहणार तांडापेठ, नागपूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असल्यास डॉक्टरांना विचारावे, शेजारी भैयाजीला विचारू नये.

१. कवेलूचे राहते घर आणि पोस्टातली शिल्लक माझी पत्नी चंद्रकला हिची. तिच्यानंतर दोन्ही मुलगा रुपराव याचे. रुपराव खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला आहे, गुणी आहे, पण त्याला फरशीचे वेड लागले आहे.

२. पुढच्या खोलीतला मागाचा खड्डा, ज्यात पाय सोडून मी विणायला बसे, तो चंद्रकला जिवंत असेतो बुजवू नये. रुपराव म्हणतो, "बाबा, आई पडन त्याच्यात." अरे, लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्या खड्ड्याच्या काठावर बसून सुताच्या कांड्या भरत आली, कधी पडली नाही!

कारण लिहून ठेवतो. माझी नजर अधू झाली तेव्हा माग विकला. ठकठक थांबली आणि बाई गप्पच झाली. भाजीत मीठ विसरायची, विचारले तर म्हणायची, "घर मुकं झालं जी." मला फार वाईट वाटले. मी रेडिओ दुरुस्तीवाल्या धोंडबाकडून अॅम्प्लिफायर, भिंतीवर दोन लहान पेट्या आणि जाड्या आवाजाचा पंधरा इंची स्पीकर आणवला. त्या मोठ्या स्पीकरची पेटी खोलीभर फिरवली. या कोपऱ्यात घुमे, त्या कोपऱ्यात मरे. शेवटी चंद्रकलाच वैतागली, "खड्ड्यात घाला तो तुमचा भोंगा!" आम्ही खरेच घातला. मागाच्या उरलेल्या सागवानी फळीला गोल भोक पाडून स्पीकर बसवला आणि फळी खड्ड्यावर ठोकली.

तरी ठेका पोकळच. धोंडबा डोके खाजवत बसला. चंद्रकला तूर निवडत होती, म्हणाली, "पाय एकीकडं अन् हात एकीकडं चालून राहिला. असा माग चालते काय?" पायाने पावडी दाबली की त्याच दमात हातातून धोटा सुटला पाहिजे, हे आम्हा कोष्ट्यांना कोणी शिकवावे लागत नाही. धोंडबाने मोठ्या स्पीकरच्या दोन तारा उलटसुलट केल्या आणि काय सांगू! वरून गळा, खालून ठेका, दोघे एका दमात. चंद्रकलेने फळीवर हात ठेवला आणि खदखदून हसली. त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडले. मी सगळी खाल्ली.

३. पावसाळ्यात खड्ड्यात ओल येते, तेव्हा स्पीकर वर काढून ठेवावा. हे काम रुपरावचे. विजेच्या कारखान्यात राहून एवढे जमत नसेल तर लाज आहे.

४. माग विकताना ठेवून घेतलेला धोटा रुपरावला. विणायचे नसले तरी देवघरात ठेवावा.

५. भैयाजी पौनीकर यास काहीही देत नाही. आमची भिंत एक आहे. "तुह्या गाण्यानं माह्या फळीवरचे पितळेचे गुंड नाचून राहिले गा!" असे तो रोज ओरडतो आणि रविवारी त्याच भिंतीला पाठ लावून मान डोलावतो. भिंत ठोकण्याचा त्याचा हक्क मी कायम ठेवतो. ऐकण्याचे बंधन चंद्रकलेवर नाही.

६. मी गेल्यावर रडारड आवरती घ्यावी. तेराव्याला जेवणे झाली की गाणे लावावे. घर पुन्हा मुके होऊ देऊ नये, माझी शेवटची इच्छा एवढीच.

हे वाचून दाखवल्यावर चंद्रकला म्हणाली, "तेराव्यापर्यंत काहून थांबाचं? आताच लावा ना जी."

ईश्वरदास महादेवराव निखारे (सही)
नागपूर, ता. २० नोव्हेंबर १९८३

वाचले, कबूल आहे. फरशी खड्ड्याच्या काठापर्यंतच लावीन. रुपराव

साक्षीदार:
धोंडबा, रेडिओ दुरुस्ती (सही)
भैयाजी पौनीकर (सही). सगळे गुंड खाली उतरवून ठेवले आहेत. लाव गा आता, मोठ्यानं.