सोनाराऐवजी युनिट

मालती,

भाकरी टोपलीत झाकून ठेवल्या. मी सौंसरच्या बँकेत चालली. दरसाल कापूस वेचणीच्या पैशातून आपण तुह्या पोतीत एकेक मणी वाढवला. सोनारानं दर खेपेस घडणावळ घेतली, अन् शेवटी सारी पोत माह्याच लेकानं, उत्तमनं, गहाण टाकली.

औंदा तुह्या नावानं म्युच्युअल फंडाचे युनिट घेऊ. तेही थोडे थोडे घेता येतात, घडणावळ लागत नाही, अन् तुह्या सहीबिगर कोणाले मोडता येत नाही. सही कराले दुपारच्या गाडीनं ये. ही चिठ्ठी चुलीत घालूनच निघजो.

उत्तमनं विचारलं तर सांगजो, आई सोनाराकडे बसली, मणी पसंत कराले बोलावलं. तो खुशीनं जाऊ देईन. सोनं घरातच येते, हे त्याले मालूम आहे.

तुही सासू