तीनवर की तीननंतर

प्रिय सावकाशराव,

अक्षर वाकडंतिकडं दिसलं तर नाक मुरडू नकोस. हे पत्र मी इस्त्रीच्या टेबलावर कागद ठेवून उभ्याने लिहितेय. बसलं की पाठ बोंब मारते आणि आडवं पडून लिहावं तर पेन चालत नाही. तू म्हणशील, मग फोन करायचा. फोन तुझी बायको उचलणार. मग मी तिला सांगणार, ती तुला सांगणार, तू मागून पुटपुटणार, ते ती मला सांगणार. आणि फोन स्पीकरवर असल्यामुळे तुझं पुटपुटणं मला आधीच ऐकू आलेलं असणार. आईच्या जिन्यातलं ते कपाटप्रकरण झालं तेव्हापासून, म्हणजे दोन वर्षं होत आली, आपलं हे असं चाललंय. म्हणून म्हटलं, या वेळी तिला सुट्टी. मला तुला एक गोष्ट सांगायचीय आणि एक मागायचीय. खरं तर दोन्ही आत्ताच सांगून मोकळं व्हावं असं झालंय, पण तुझ्यासाठी म्हणून दम धरतेय.

तर बातमी अशी की माझ्या पाठीचं ऑपरेशन करायचं ठरलंय. पट्टा झाला, व्यायाम झाले, शेक झाला, इंजेक्शनं झाली. शाळेत असताना माझं काही पाठ व्हायचं नाही म्हणून आई डोक्याला हात लावून बसायची. आता पाठच माझी पाठ सोडत नाही. कमरेजवळच्या दोन मणक्यांमधली गादी पार चपटी झालीय आणि हाडाला हाड लागतंय. डॉक्टरबाई माझ्या खांद्याला लागतील एवढ्याच आहेत, पण आवाज थेट हेडमास्तरांचा. त्यांनी प्लास्टिकचा पाठीचा कणा टेबलावर ठेवला आणि दोन वाटा सांगितल्या. एक फ्यूजन. खराब गादी काढायची, तिथे हाड भरायचं, वर स्क्रू आणि पट्ट्या लावायच्या. काही महिन्यांनी ते दोन मणके मिळून एकच हाड होतं. तिथलं घासणं थांबतं, तसं तिथलं वाकणंही थांबतं, आणि वरखालच्या सांध्यांवर जरा जादा भार येतो. दुसरी वाट कृत्रिम गादीची. मणके हलते राहतात, माणूस लवकर कामाला लागतो. पण हाडं मजबूत हवीत, मागचे छोटे सांधे धड हवेत, आणि पुढे कधी ती गादी बिघडली तर काढणं मोठं जिकिरीचं. शिवाय ती बसवायला पोटाकडून जातात. पाठीचं दुखणं आणि पोटावर कशाला, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, मागे नसांचं जाळं आहे, पुढून वाट मोकळी असते. मी म्हटलं, माझ्या पोटात काही मोकळं असेल असं वाटत नाही, तुम्ही माझं जेवण पाहिलेलं नाही. हसल्या नाहीत. एक तपासणी अजून बाकी आहे, ती ठीक आली तर दोन्ही चालण्यासारखं आहे, म्हणाल्या. तोवर काय हवं ते तुम्ही ठरवून ठेवा. अरे, मी काय ठरवू? जन्मभर मी लोकांना बूट चार नंबरचा की पाच नंबरचा एवढंच सांगत आले.

घरात लगेच दोन पक्ष पडले. तुझे दाजी फ्यूजनवाले. लोकांना ड्रायव्हिंग शिकवून शिकवून त्या माणसाचा हलणाऱ्या कुठल्याही वस्तूवर विश्वास उरलेला नाही. जेवताना मी पाण्याच्या जगकडे हात लांबवला तरी त्यांचा पाय टेबलाखाली ब्रेक दाबतो. हलता भाग आला की बिघाड आला, घट्ट करून टाका, विषय संपला, असं त्यांचं मत. तुझी भाची गादीवाली. तिचं म्हणणं, आई आधीच जागची हलत नाही, तिला आणखी कशाला पक्कं करता. दुकानात तर मालकांनी गिऱ्हाइकांचीच मतं घ्यायला सुरुवात केली. एक बाई सँडल घालून बघता बघता म्हणाल्या, आमच्या चुलत जावेने गादी बसवली, आता नाचते. दुसऱ्या म्हणाल्या, आमच्या शेजाऱ्यांनी फ्यूजन केलं, आता नाचतात. मला नाचायचंच नव्हतं.

मला वाकायचं होतं. तू माझं दुकान पाहिलंयस, ते बुटकं स्टूल आणि जमिनीला टेकवलेला तिरका आरसा. शाळा सुरू व्हायच्या आधी मुलांची ही गर्दी होते. नवा बूट लागतोय का असं विचारलं की मूल आधी आईच्या तोंडाकडे बघतं आणि मग नाही म्हणतं. खाली बसून अंगठा कुठवर आलाय ते चाचपल्याशिवाय आणि त्याच्या डोळ्यांत बघितल्याशिवाय खरं काय ते कळत नाही. उभ्याने बूट विकणारी बाई ही नुसती खोकी देणारी बाई. मला खोकी देत म्हातारं व्हायचं नाही. म्हणून मी गादी पक्की केली. भाची जिंकली म्हणून स्वयंपाकघरभर नाचली, म्हणजे शेवटी कोणीतरी नाचलं.

तुझी पार्सलं मिळतात बरं का. पट्टा मिळाला, शेकाची पिशवी मिळाली, मधोमध भोक असलेली उशी मिळाली, तिच्यावर मांजर झोपतं. कशातही तुझ्या हातची एक ओळ नाही. आणि ते पाय वर, डोकं खाली करून माणूस टांगायचं यंत्र! दाजी म्हणाले, आधी मी बघतो सुरक्षित आहे का, आणि स्वतःच टांगून घेतलं. वर जाणं जमलं, खाली येण्याचा खटका सापडेना. मला वाकता येत नाही, भाची बाहेर गेलेली. मग काय करणार, ती येईपर्यंत मी समोर उभी राहून त्यांच्याशी गप्पा मारल्या. उलटे असतानाही त्यांचा पाय हवेत ब्रेक शोधत होता. तू असतास तर हसून हसून लोळला असतास असं मनात आलं, आणि हसता हसता मला रडूच फुटलं. दाजींना वाटलं, त्यांच्या काळजीने. लिफ्ट दुरुस्त करून अख्ख्या शहराला वरखाली नेणारा माझा भाऊ, आणि त्याला माझ्या घराचा एक जिना चढवत नाही.

कपाटाचं आता बोलूनच टाकू. आई गेल्यावर तिच्या खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. ते लोखंडी कपाट, दार कुरकुरणारं, आरशाचा कोपरा उडालेला. तुला नको होतं, मला नको होतं आणि टाकवतही नव्हतं. तू घे, नाही तू घे, असं करत आपण ते जिन्यात आणलं. तू खाली, मी वर. वळणावर टेकवलं. पुन्हा उचलताना तू म्हणालास, एक, दोन, तीन. मी तीनवर उचललं. तुझ्या मते तीन म्हणून झालं की एक श्वास घ्यायचा असतो आणि मग उचलायचं असतं. पन्नाशीला टेकलेली भावंडं, एकाच आईने वाढवलेली, आणि तीन नेमके कधी होतात यावर आपलं एकमत नव्हतं! तेवढा क्षणभर ते धूड माझ्या एकटीच्या अंगावर होतं. कट्ट झालं ते मला कपाटाचं दार वाटलं. मग मी जे काही बोलले ते तिन्ही मजल्यांनी ऐकलं. तू माझी पाठ मोडलीस, हे त्यातलं सगळ्यांत सौम्य वाक्य. दुखत होतं, बोलले. तू ते मनाला लावून घेतलंस. कपाट खाली नेऊन ठेवलंस आणि गेलास तो गेलासच.

आई असती तर हे एवढं ताणलं नसतं. तू दिवस भरूनही दोन आठवडे उशिरा जन्माला आलास आणि मी दिवस भरायच्या आधीच, तेव्हापासून ती आपल्या मधली गादी होती. आपण भांडलो की माझं अर्धंच तुला सांगायची, तुझं अर्धंच मला, आणि उरलेलं स्वतः गिळायची. ती गेली आणि हाडाला हाड लागलं. मग तिच्या जागी तुझी बायको बसवली आपण. चांगलं काम करते बिचारी, पण तिलाही दोन्हीकडून दाबच. परवा मलाच म्हणाली, ताई, मी थकले, आता मला यातून काढा. बिघडली तर काढणं जिकिरीचं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या ते आठवलं. हे तिला वाचून दाखवू नकोस.

आता सांगायचं होतं ते. गेल्या आठवड्यात उरलेली तपासणी झाली. डॉक्टरबाईंनी पडद्यावर चित्र लावलं आणि सरळ सांगितलं की गादीचं विसरा. मागचे छोटे सांधे झिजलेत, वर हलती गादी बसवली तर ते दुखतच राहतील. फ्यूजनच करायचं. म्हणजे ती मतं, ती भांडणं, भाचीचा नाच, सगळं पाण्यात. दाजींनी जिंकल्याचा आव आणला नाही, नुसते माझा हात धरून बसले. मी विचारलं, माझं बुटकं स्टूल? त्या म्हणाल्या, कंबर कमी वाकेल, पण गुडघ्यांत आणि खुब्यांत वाकायला शिका, बरं झाल्यावर पुष्कळ जमेल. बघू. मग मी धीर करून कपाटाचं काढलं. म्हटलं, हे सगळं त्या एका दिवसामुळे ना? त्यांनी पेनाच्या टोकाने पडद्यावर दाखवलं. हे झिजणं कित्येक वर्षांचं आहे, म्हणाल्या. कपाट उचललं नसतं तर एखाद्या शिंकेने कळलं असतं, नाहीतर बुटाची नाडी बांधताना. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, जरा वैतागून. तेव्हा आता नीट ऐक. बायकोकडून नाही, स्पीकरवरून नाही, माझ्याकडून ऐक. तू माझी पाठ मोडली नाहीस. ती आधीच मोडकळीला आली होती, तू फक्त तिथे हजर होतास. पार्सलं बंद कर, घरात चालायला जागा उरलेली नाही.

आणि मागायचं ते हे. ऑपरेशन पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी आहे. मला भीती वाटते. घरात सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर दाजी हॉस्पिटलच्या दारातच ब्रेक दाबतील. नंतरचे काही दिवस कमरेला जराही पीळ पडून चालत नाही, मला कुशीवर वळवायचं तर ओंडक्यासारखं अख्खं वळवायचं, एकाने खांद्याशी धरून आणि एकाने कमरेशी. नर्सने आधीच मला आडवं करून घरच्यांकडून सराव करून घेतला. एक, दोन, तीन म्हटलं. भाचीने वळवलं आणि दाजी दोनवरच थांबले. पुन्हा केलं, पुन्हा दोनवर थांबले. नर्सने विचारलं, घरात आणखी कोणी आहे का हो? माझ्या तोंडून विचार करायच्या आत निघून गेलं, आहे ना, माझ्या पाठचा भाऊ आहे. नर्स म्हणाली, मग त्यांनाच बोलवा. म्हणून बोलावतेय. ये. माझ्या अंगाला हात लावण्याआधी फक्त एवढं ठरवून घेऊ, तीनवर की तीननंतर. तू म्हणशील तसं. या वेळी कपाट मी आहे, मला कसलीही घाई नाही.

तुझीच,
घाईताई