उत्तरदाता सतरा

४ मार्च

लागली! नोकरी लागली! म्हणजे — अर्धी. एक महिना बघणार, मग ठरवणार. साखरेच्या आजाराचा दवाखाना. लोक एकदा येतात, तपासून घेतात, आणि त्यातले निम्मे पुन्हा फिरकतच नाहीत. का फिरकत नाहीत, ते मी शोधायचं. समाजशास्त्रात एम.ए. झाल्यापासून सगळ्यांनी मला एकच प्रश्न विचारलाय — मग आता पुढे काय? आज पहिल्यांदा कुणीतरी दुसरा प्रश्न विचारला!

बाबांना सांगितलं. ताटातून मान वर न करता म्हणाले, "म्हणजे जे आलेच नाहीत, त्यांना तू भेटणार. छान. आणि पगारही न आलेलाच मिळणार का?" आई खो खो हसली. मीही. काय करणार, विनोद चांगला होता!

नाहीच जमलं तर भावोजींचं फरशांचं दुकान आहे. काउंटरवर बसायचं आणि बाथरूमला कुठला रंग शोभेल ते सांगायचं. ताईनं माझ्यासाठी खुर्चीसुद्धा बघून ठेवलीय म्हणे.

६ मार्च

कोपऱ्यात एक टेबल, दोन खुर्च्या. एक माझी, एक बोलायला येणाऱ्याची. दिवसभरात दुसरीवर एकच आजी बसल्या. मी उत्साहानं वही उघडली. "बसू दे गं जरा," म्हणाल्या, "पाय दुखतात."

उद्यापासून लोकांच्या घरीच जाते. सिस्टर आधी फोन करून त्यांना विचारणार आहेत.

९ मार्च

चार घरं. चारही ठिकाणी एकच उत्तर — वेळ नाही. त्यातले एक गृहस्थ हे सांगताना पत्त्यांचा डाव मांडून बसले होते.

आमच्या कॉलेजातल्या बाई म्हणायच्या, पहिलं उत्तर पाहुण्यांसाठी असतं. ते ऐकून घ्या आणि मग गप्प बसा. दुसरं आपोआप येतं. मी आणि गप्प! बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "तिथे गप्प बसायला शिकवतात हे आधी माहीत असतं, तर तुला बालवाडीऐवजी एम.ए.लाच घातलं असतं."

१२ मार्च

जमलं!!

कपडे शिवणाऱ्या एक बाई. "वेळच नसतो हो." मी गप्प. त्यांच्या मशीनकडे बघत, जीभ दातांत धरून. दोन काजं झाली, तीन झाली. मग मान खाली घालूनच म्हणाल्या, "मागच्या वेळी डॉक्टर केवढे ओरडले, गोड सोडलं नाही म्हणून. अजून सोडलेलं नाही. परत ओरडून घ्यायला जाऊ?"

नंतर एक बस चालवणारे काका. तेच! पत्तेवाल्या गृहस्थांकडेही पुन्हा गेले. तेच! वेळबिळ काही नाही. लाज वाटते. अभ्यास न करता शाळेत जायला वाटायची, तशी. अहवालात आधी मी याला "संस्थात्मक धाक" असं नाव दिलं होतं. मग खोडलं. "लाज" हेच बरंय.

१५ मार्च

सकाळी निघताना बाबा म्हणाले, "काय गं, त्या काचेच्या पेटीतला काळा मासा आहे का अजून? की तोही पुन्हा आला नाही?"

हसत हसत निघाले. बसमध्ये बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला. दवाखान्यातल्या माशांच्या पेटीबद्दल मी घरी कधी बोललेच नाही.

१६ मार्च

बाबांच्या किल्ल्यांच्या दुकानात गेले. बाबा किल्ली घासत होते. सरळ विचारलं. आधी म्हणाले, कोण मासा? मग म्हणाले, "गेलो होतो मागच्या वर्षी. सहज."

"मग पुन्हा?"

"दुकान सोडून वेळ कुठाय?"

मी गप्प. कानस चालू. एक गिऱ्हाईक येऊन गेलं. मी गप्पच.

"रोज चाल म्हणाले होते," बाबा किल्लीशीच बोलल्यासारखे बोलले. "नाही चाललो. चहातली साखर सोड म्हणाले. तीही नाही. आता कुठल्या तोंडानं जाऊ? पोरगेला डॉक्टर तो. त्याच्यासमोर मान खाली घालून बसायचं? आणि साखर वाढलेलीच असणार. ती ऐकायची तरी कशाला?"

बाबा घाबरलेत! माझे बाबा! असं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. आणि मी काय केलं? घरी येऊन सगळं शब्दन् शब्द लिहून काढलं. इतकं नेमकं दुसरं कुणीच बोललं नव्हतं. उत्तरदाता सतरा.

२० मार्च

माझ्यासारखी मूर्ख मीच.

अहवालाची तालीम म्हणून संध्याकाळी चहाला आई-बाबांना वाचून दाखवला. रंगात आले होते. "उत्तरदाता सतरा. पुरुष, वय एकसष्ट, किल्ल्या बनवतो —" बनवतो! स्वतःच्या बापाला! नाव गाळलं की ओळख गाळली, असं वाटलं होतं मला. पुढची दोन वाक्यंही वाचली. मग आईचा चेहरा दिसला. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

बाबांनी कप खाली ठेवला. "मी ते तुला सांगितलं होतं," एवढंच म्हणाले आणि उठले.

२१ मार्च

दिवसभरात बाबांनी एकही टोमणा मारला नाही.

२२ मार्च

आजही नाही. मुद्दाम म्हटलं, "बाबा, आज दवाखान्यात मी दिवसभर नुसती बसून होते." इतकं आयतं दिलं हातात! नुसतं "हं".

आई माझ्यावर रागावलेली नाही. त्यांच्यावर रागावलीय. ते जास्त वाईट.

२४ मार्च

"बाबा, चुकलं माझं. तुम्हाला विचारायला हवं होतं." "हं."

अहवालातून ते पान काढलं. बाकीच्यांचे नंबर तसेच ठेवले. सोळा, मग एकदम अठरा. घर इतकं शांत मला सोसत नाही. कुणीतरी माझी टर उडवा रे!

२८ मार्च

आज अहवाल. मोठे डॉक्टर, त्यांचे दोन धाकटे डॉक्टर, सिस्टर.

मी म्हटलं, लोक तुमच्या ओरडण्याला भितात. मोठे डॉक्टर म्हणाले, "म्हणजे चूक आमची? आम्ही त्यांच्या भल्यासाठी बोलतो." मी गप्प. त्यांनी पेन उघडलं, मिटलं, उघडलं. मग — "मी जरा ओरडतो खरा." सिस्टरनी छताकडे बघितलं.

मी सुचवलं की पुन्हा येणाऱ्यांनी आधी माझ्या समोरच्या खुर्चीत बसावं. काय जमलं नाही ते मला सांगावं, मग आत जावं. "बरं," म्हणाले. "सोमवारपर्यंत न येणाऱ्यांपैकी एक तरी आणून दाखवा. मग तुमची खुर्ची पक्की." जाता जाता विचारलं, "हा सतरा कुठे गेला?"

"त्यांची परवानगी नव्हती."

घरी आईला सांगितलं. बाबा पलीकडे पेपर वाचत होते. पान काही उलटलं नाही.

३० मार्च

सगळ्यांना स्वतः फोन केले. काजंवाल्या बाई म्हणाल्या, बघू. काका म्हणाले, बघू. पत्तेवाल्यांनी फोनच उचलला नाही.

३१ मार्च

ताईचा फोन. फरशांच्या दुकानात खुर्ची आलीय. चाकांची आहे म्हणे.

१ एप्रिल

सोमवार. सकाळपासून कुणी नाही. मी टेबल आवरायला घेतलं, तेवढ्यात समोरची खुर्ची कुणीतरी ओढली. इस्त्रीचा शर्ट, भांग नीट पाडलेला, दारात आई. सवयीनं तोंडातून निघालं, "नाव?"

"सतरा नंबर रिकामाय ना अजून?" बाबा म्हणाले. "लिही. आणि 'बनवतात' लिही."