चंपाषष्ठीची मोटर

बिडकीन,
कार्तिक वद्य दशमी

प्रिय दीपमाला,

अनेक आशीर्वाद. नावाआधी काय लिहायचं यावरच माझा पहिला कागद वाया गेला. आमच्या पिढीला सुनेच्या नावाआधी काहीतरी लावल्याशिवाय चैन पडत नाही, आणि तुझ्या नावाआधी जे लावायची रीत आहे ते लिहायला माझा हात धजत नाही. म्हणून नुसतं प्रिय. फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू मला बोलू देतेस कुठं? गोळी घेतली का, स्वेटर घातला का, आणि मी मोटरचं नाव काढलं की ‘थांबा आप्पा, मी येते’ म्हणून मोकळी होतेस. यंदा चंपाषष्ठीला तू यायचं नाही आणि होडीची मोटर माझ्या हातानं सुरू झाली पाहिजे, असा मी हट्ट धरला आहे. त्या हट्टापायी दिवाळीपासून पार बेजार झालोय. ते सगळं सांगायचं तर कागदच बरा.

तुझ्या सासूबाईंची तब्येत ठीक आहे, जीभ त्याहून ठीक आहे. कापसाची दुसरी वेचणी चालू आहे. बाया मिळत नाहीत, सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत बसून कामाला जातात. तू लावलेला कढीपत्ता गाईनं एकदा खाल्ला, तरी पुन्हा फुटला. हे लिहिताना माझा उजवा खांदा ठणकतोय, कारण दोरी ओढून ओढून त्याची वाट लागली आहे. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

तर मोटर. पाण्यावर जाऊन रोज झटापट करायची ताकद राहिली नाही, म्हणून मासे धरणाऱ्या मोतीरामच्या टेम्पोत घालून ती घरीच आणली. अंगणात पाण्याचं पिंप ठेवलं, त्याला फळी बांधली आणि फळीला मोटर लटकवली. पंखा पाण्यात, डोकं वर. सासूबाईंनी पहिल्या दिवशीच सुनावलं, “देवाची मोटर हाय, अंगणात बुडवून काय लोणचं घालता का तिचं?” शेजारच्या पारूबाईनं धूर होणार म्हणून आधीच तक्रार केली. धूर निघत असता तर मी आनंदानं शिव्या खाल्ल्या असत्या. निघतच नव्हता. पहाटेच्या गारठ्यात मोटर नुसती खोकायची आणि गप्प व्हायची, आणि तिच्यापेक्षा जास्त मी खोकायचो.

तू लग्न होऊन आलीस त्या वर्षी तुला हे सगळं विचित्र वाटलं होतं, आठवतं? धरण झालं तेव्हा गाव उठलं, खंडोबा नव्या गावठाणात आणून बसवला, मग नैवेद्य घेऊन पुन्हा पाण्यात कशाला जायचं, असं तू सत्यमला विचारलंस. त्यानं उत्तर देण्याऐवजी तुला होडीत बसवलं. माझे वडील म्हणायचे, देव हलवता येतो, जागा हलवता येत नाही. म्हणून दर चंपाषष्ठीला भरीत-रोडगा घेऊन बुडालेल्या जुन्या देवळाच्या वर जाऊन थांबायचं, होडीतच तळी उचलायची, येळकोट करायचा, भंडारा उधळायचा आणि परतायचं. वडील वल्ही मारत न्यायचे, मीही बरीच वर्षं मारली. मग सत्यमनं उजनीकडच्या कुणाकडून ही जुनी मोटर आणली. मी तेव्हा चिडलो होतो. देवाला जाताना एवढा गोंगाट कशाला, असं माझं म्हणणं. पण माझे गुडघे सत्यमच्या बाजूनं होते.

उन्हाळ्यात मोतीराम तीच मोटर मासेमारीला वापरतो तेव्हा ती कधी कुरकुरत नाही. थंडी पडली की रुसते. म्हणून मी थंडीचे सगळे उपाय केले. जुनं पेट्रोल काढून नवं भरलं, ऑइल मापानं घातलं. प्लग काढला तर ओला आणि काळा, तो घासून, उन्हात वाळवून बसवला. चोक ओढून बघितला, अर्धा ठेवून बघितला, न ओढता बघितला. कार्बोरेटर उघडून साफ केला. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू प्रत्येक वेळी आठवणीनं ढिला केला, कारण सत्यम मला त्यावरून नेहमी बोलायचा. मोतीरामनं सल्ला दिला की गरम पाण्याचं फडकं गुंडाळा, म्हणजे मोटर ऊब धरते. मी तेही केलं. मग म्हणाला, प्लगच्या भोकात थोडं पेट्रोल सोडा. मी सोडलं. तेव्हा असा भडका उडाला की माझ्या मिशीची एक बाजू गेली. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, “लई शोभतंय, आता दुसरी बाजू कधी?” दोन्ही बाजू सारख्या करून घेतल्या आहेत.

त्या बाईंचा या खटाटोपाला पहिल्यापासून विरोध होता आणि तो धुरासाठी नव्हता, हे तुलाही ठाऊक आहे. सत्यम गेला त्या वर्षी आपण जाणारच नव्हतो. शेंद्र्याच्या कंपनीतून घरी येताना रस्त्यावर अपघातात माझा मुलगा जातो आणि मी देवाला वांग्याचं भरीत नेऊन देतो, हे मला कबूल नव्हतं. मी देवाला नाही नाही ते बोललो. तूच म्हणालीस, आप्पा, जायचं. काठावर मी आणि मोतीराम आळीपाळीनं दोरी ओढून थकलो, तळहात सोलले. तू मागं बसली होतीस, सत्यमच्या शेजारी बसायचीस त्याच जागी. उठलीस, टाकीचं झाकण उघडून आत पेट्रोल किती आहे ते पाहिलंस, झाकण लावलंस, नळीवरचा रबरी फुगा दाबलास आणि दोरी ओढलीस. मोटर सुरू झाली. मी तोंड फिरवून पाण्याकडे बघत बसलो. मला रडू आलं होतं.

तेव्हापासून आपल्या घरात ठरून गेलं की मोटर दीपमालाच्याच हातानं सुरू होते. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. आम्ही ओढायचं, थकायचं, मग तू उठायचीस आणि झालं. सासूबाईंनी तर चार बायकांत सांगून टाकलं, “देवाला आमची सूनच लागती. ती नाय आली तर होडी हालत नाय.” मीही कधी अडवलं नाही. तुझ्या हाताला गुण आहे असं म्हणायला मलाही बरं वाटायचं. तू माहेरी पडेगावला राहायला गेलीस, शहरात नोकरी धरलीस, तरी चंपाषष्ठीला तू येणार हे नक्की होतं, आणि त्या एका दिवसाच्या भरवशावर आम्ही दोघं बाकीचं वर्ष ढकलत होतो. हे तुला आम्ही कधी बोलून दाखवलं नाही, पण तुला कळत असणार.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी दोरी ओढून ओढून मी पायरीवर बसलो. आता पुरे, असं मनाशी म्हटलंही. समोर नळीवरचा तो फुगा पडला होता. चोखून टाकलेल्या आंब्यासारखा चपटा. मी तर तो दाबून टणक केला होता. मग वाटलं पेट्रोलच संपलं असेल, म्हणून टाकीचं झाकण उघडलं. उघडताना आत हवा शिरल्याचा आवाज आला, सू करून. टाकी अर्धी भरलेली होती. झाकण लावलं, फुगा दाबला, तो टणक झाला. दोरी ओढली आणि मोटर सुरू झाली. धूर झाला, पारूबाई बोलली, मी तिच्याकडे बघून हसलो. ती घाबरून आत गेली.

मग मी झाकण घेऊन उन्हात बसलो. हवेचा स्क्रू पूर्ण काढला तर त्याच्या खालचं भोक दिसेना. पिवळा थर घट्ट बसला होता. सासूबाईंच्या गोधडीच्या सुईनं टोकरला, बोटावर घेतला, वास घेतला. भंडारा होता. दर वर्षी येळकोट म्हणत मूठ-मूठ भंडारा आपण होडीवर आणि मोटरवर उधळतो ना, टाकी तिथंच असते. हळद ऑइलात कालवून त्या भोकात जाऊन बसली. उन्हाळ्यात ती नरम पडते, थंडीत दगड होते. मग टाकीत हवा जात नाही, हवा गेली नाही तर पेट्रोल येत नाही. मोतीराम रोज पेट्रोल भरायला झाकण उघडतो, म्हणून त्याला कधी त्रास नाही. आणि तू दर वेळी आत डोकावून बघायचीस, जातानाही, मधेही. सत्यमला टाकीच्या काट्याचा भरवसा नव्हता, ती त्याची सवय तुला लागली. एवढंच होतं ते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

खरं सांगतो, मला आनंद झाला नाही. भंडारा अजून बोटावर होता. वाटलं, परत भरून टाकावा. कुणाला कळणार आहे? पुन्हा थंडी पडेल, पुन्हा मोटर रुसेल, पुन्हा तू येशील, अंगणात गाडी लावशील, भरीत चाखून मीठ कमी आहे म्हणशील. म्हातारपणी माणूस असा लबाड होतो. पण खांदा इतका दुखत होता की लबाडी करायचंही त्राण नव्हतं. मी भोक स्वच्छ केलं, रॉकेलनं धुतलं आणि सासूबाईंना हाक मारली. त्यांनी त्या भंडाऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि विचारलं, “म्हंजी आता ती येणार नाय व्हय?” त्या आत गेल्या आणि दुपारपर्यंत भांडी घासत होत्या. घासलेलीच पुन्हा घासत होत्या.

त्यानंतर मी रोज पहाटे, सगळ्यात गार वेळ धरून, मोटर सुरू करून बघितली. परवा ती होडीला बसवून जुन्या देवळापर्यंत जाऊनही आलो. झाकण एकदाही उघडलं नाही. सासूबाई बरोबर होत्या, तू बसतेस त्या जागी. परतताना त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, “तिला लिवा. तुमच्यानं फोनवर जमायचं नाय.” यंदा टाकीवर फडकं टाकूनच भंडारा उधळायचा, हेही त्यांनीच ठरवलं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. दिवाळीनंतर तुझा भाऊ ऋतुराज येऊन गेला. तुला न सांगता आला होता, त्याला रागावू नकोस. त्यानं सांगितलं की कोल्हापूरचं एक स्थळ गेल्या वर्षापासून तुझ्यासाठी थांबलं आहे. माणूस चांगला आहे, तू त्याच्याशी दोनदा बोललीही आहेस, आणि ती मंडळी नेमकी चंपाषष्ठीलाच पडेगावला यायची म्हणतात. तू त्यांना परत पाठवायला निघालीस, कारण काय तर, ‘मी लांब गेले तर आप्पांची मोटर कोण सुरू करणार.’ पोरी, हे ऐकून मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. सत्यम आमचा होता, त्याचं दुःख आमचं आहे, ते आम्ही बघू. तुझं वय अजून बसून राहायचं नाही. त्या दिवशी घरी थांब, चांगली साडी नेस, आणि त्या माणसाशी तुझ्या मनासारखं बोल. तो पसंत नसेल तर खुशाल नाही म्हण, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत. पण मोटरचं कारण देऊ नकोस. ती आता माझ्या हातानं सुरू होते.

तुझाच,
आप्पा